चुलीभोवती फिरवलेली मांजरी

माझ्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. वडील धारच्या पागेत जिनगर. घोड्यांची खोगिरं शिवून त्यांनी मला इंदूरच्या कॉलेजात ठेवलं. देवासला शाळेत मास्तरकी मिळाली तेव्हा आई माझ्यासंगे आली आणि पाणवठ्यावर ‘बी. ए.ची आई’ म्हणून मिरवू लागली. हे मी लाजत सांगत नाही. लाजायचं ते दुसरं आहे.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. प्लेग आला त्या साली घरं सोडायचा हुकूम आधी अलीकडे निघाला, मग पलीकडे. उंदरांना ही हद्द ठाऊक नव्हती. शेवटी सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. मांजरं मात्र कोणी नेली नाहीत. ती मेलेले उंदीर खातात, रोग आणतात, असं लोक म्हणत, आणि मागोमाग आलेल्यांना दगड मारून हाकलत.

आईला ते बघवेना. शाळेची किल्ली माझ्याकडे होती. आम्ही दोघं ओस गावात जाऊन मांजरं पोत्यात धरायचो आणि पहिलीच्या वर्गात आणून सोडायचो. माळावरच्या शिळ्या भाकऱ्या, खाटकाकडचं उरलंसुरलं, यावर ती जगली. “पहिलीच्या वर्गाला असा वास कधी आला नव्हता,” मी म्हणालो.

“तू पहिलीत होतास तेव्हाचं मला विचार,” आई म्हणाली.

आमच्या शेजारी एक आजी राहत. यजमान दरबारात कारकून होते. ते गेल्यावर त्या एकट्याच; पुतण्या होता तो धारला. त्यांची राखी मांजरी एका डोळ्याने आंधळी, मागच्या पायाने लंगडी. आम्ही गेलो तेव्हा दाराला कडी होती आणि अंगणात स्वयंपाकघरातली सगळी मडकी फुटून पडली होती. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे मडकी फोडून टाकतात. आईने ती खापरं पाहिली आणि पदर तोंडाला लावला. मी कोणाला विचारलं नाही. त्या दिवसांत कोणी विचारत नसे. विचारलं की उत्तर मिळायचं.

मांजरी पायरीवर बसून होती. पोत्यात घालताना तिने माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. बिचारीला कळत नाही, असं मी आईला म्हणालो.

थंडीच्या सुमाराला रोग ओसरला, लोक घरांना चुना लावून परतले, आणि उंदरांच्या धास्तीने आता ज्याला त्याला मांजर हवं झालं. पण धडधाकट. राखी तेवढी उरली. पलीकडच्या पातीतला एक रंगारी आला. त्याची बायको माळावरच गेली होती आणि लहान मुलगी जेवत नव्हती.

“मास्साब, चूहे पकडेगी ये?”

“नाही.”

“मग नेऊन काय करू?”

“तुमच्या पोरीजवळ बसेल.”

त्याने मांजरीचा लंगडा पाय हळूच चाचपून पाहिला. मग म्हणाला, “चला, तुम्हीच द्या तिच्या हातात.”

आमच्या लोकांत मांजर विकत नाहीत आणि विकत घेतही नाहीत. मागून नेतात, चुलीभोवती तीनदा फिरवतात, आणि मग ती त्या घरची. देणाऱ्याने पुन्हा मागायची नाही. असल्या गोष्टींना मी हसायचो. पण मुलगी म्हणाली, “मास्साब, तुम्ही फिरवा, मला ओरबाडेल,” आणि मी वाकून, मांजरी छातीशी धरून, फेरे घातले. त्या दिवशी मुलगी अर्धी भाकरी जेवली. मी घरी आलो तो छाती फुगवूनच.

संक्रांत झाली आणि एका सकाळी शेजारच्या दारात बैलगाडी थांबली. आजी उतरल्या. पुतण्याने त्यांना धारला नेलं होतं. जाण्याआधी कोणीसं सांगितलं, मडक्यांना रोगाची हवा लागते, म्हणून फोडून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाटी वाजली. काशाची, मांजरीच्या दुधाची. आजी पायरीवर बसून ती दगडावर टकटक वाजवायच्या, थांबायच्या, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघायच्या, पुन्हा वाजवायच्या. रोज.

“सांग त्यांना,” आई म्हणायची.

“सांगतो.”

एकदा त्यांनीच मला हाक मारली. “काय रे बी. ए., तुझ्या आईने मांजरं सांभाळली म्हणे. आमची दिसली होती का?”

“चौकशी करतो, आजी,” मी म्हणालो. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करीत असे.

शेवटी रंगाऱ्याकडे गेलो. मुलगी चुलीशी बसली होती, बोटं निळीने रंगलेली, मांडीवर मांजरी. मी सगळं सांगितलं. तिने मांजरीच्या पाठीवर हात ठेवला. मग हलकेच म्हणाली, “पण तुम्हीच तर फिरवली ना, मास्साब.”

बी. ए.ने चपला घातल्या.

मी परतलो आणि आजींना खरं ते सांगितलं. त्या उठल्या. वाटीत दूध घेऊन माझ्यामागून रस्ता ओलांडून आल्या. रंगाऱ्याच्या घरात त्या जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाहेरच थांबल्या आणि उंबऱ्याच्या दगडावर वाटी वाजवली.

मांजरीने मान वर केली. मुलीने तिला धरलं नाही. दोन्ही हात पाठीमागे घेतले. मांजरी लंगडत बाहेर आली, आजींच्या पायांना अंग घासलं, दूध प्याली. आजींनी तिच्या आंधळ्या डोळ्यावरून बोट फिरवलं. मग ती वळली आणि आत चुलीशी जाऊन बसली. मुलगी अजून हात मागे घेऊनच उभी होती.

“जाड झालीय,” आजी म्हणाल्या. मग मुलीला, “दूध तापवून देऊ नकोस तिला. गार लागतं.” वाटी त्यांनी तिथेच उंबऱ्यावर ठेवली.

परत येताना रस्त्याच्या मधोमध त्या थांबल्या. “खापरं बघितलीत, बरोबर. पण तुझे वडील धारला असतात ना रे?”

असतात. त्या महिन्यांत मी दोनदा धारला जाऊन आलो होतो. वडिलांपाशी बसून मांजरांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या.

आईने नंतर त्यांना एक चांगलं पिल्लू नेऊन दाखवलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कुरवाळलं आणि परत दिलं.

आता सकाळी शेजारी वाटी वाजत नाही. ती वाजायची तेव्हा मी कानावर उशी धरायचो. तेच बरं होतं.