आधी झाड

पनवेलच्या नगररचना कार्यालयात माझ्या शेजारी एक गृहस्थ आंब्याचं रोप मांडीवर घेऊन बसले होते. विचुंब्याजवळ आम्ही दोघांनी एकाच लेआउटमधले प्लॉट पाहिले होते. पैसे भरण्याआधी तिथे घर बांधता येतं का, हे विचारायला आलो होतो.

“रोप कशाला?” मी विचारलं.

“घर बांधायचं तर झाडं लावावीच लागतात, नियम आहे. म्हटलं, सोप्यापासून सुरुवात करू.” बोलता बोलता ते रुमालाने एकेक पान पुसत होते.

खिडकीतल्या बाईंनी नकाशा पाहिला. “काका, हा ग्रीन झोन आहे. इथे घर बांधता येणार नाही.”

मी मनातल्या मनात एजंटाला शिव्या घातल्या. ते मात्र रोपाकडे बघून हसले.

“तुला परवानगी मिळाली रे. माझीच राहिली.”