मुक्ताचं दुपटं

मी गाव सोडलं तेव्हा टेम्पोत एक गादी, एक स्टोव्ह, चार डबे आणि आईनं दिलेली जाड मिठाची गोणी होती. "बाकी काय बी माग शेजारणीकडं, मीठ मागू नको," आई म्हणाली. मिठागरवाल्यांच्या पोरीला दुसरा आहेर तो काय मिळणार! वाटेत गोणी गादीवर पाझरली. नवीन पनवेलच्या भाड्याच्या खोलीत आमच्या ह्यांना पुढे कितीतरी दिवस झोपेत तहान लागायची. मला रडू आलं तर गादीलाच दोष द्यायची सोय झाली.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, आम्ही सुटलो. आम्हा इकडे आलेल्यांना वाटतं, गाव कुठे पळून जातंय, मनात आलं की जाऊ. खाडीच्या त्या बाजूला, गावाच्या वाटेवर, आता द्रोणागिरीची गोदामं उभी आहेत. कंटेनरच्या भिंतींमधून जाताना रिक्षावाला मलाच विचारतो, "ताई, पुढे गाव आहे ना नक्की?" मी ठामपणे "हो" म्हणते. माझा आवाज तेवढा ठाम नसतो.

शहरात येऊन मी काय कमावलं? केक. घरून ऑर्डरी घेते. चव बरी, सजावट मात्र अशी की एकदा माझ्या गुलाबाला गिऱ्हाईक कोबी म्हणालं. म्हणून लेकीनं, सायलीनं, मला कटिंग मशीन आणून दिलं. दिसायला प्रिंटरसारखं, पोटात शाईऐवजी बारीक पातं. फोनवर अक्षर निवडायचं, चिकट मॅटवर कापड नाहीतर साखरेचा पातळ कागद लावायचा, की ते घुर्रघुर्र करत नेमकं तेवढंच कापतं. चालवायची सायली. मी शेजारणींना दाखवायचं काम करायची.

"आई, कापडाचं पातं वेगळं आणि खाण्याचं वेगळं," तिनं बजावलं होतं. मॅट मी दोन ठेवल्या. पण एवढंसं पातं, त्याला दोन संसार कशाला? गरम पाण्यानं धुवायचं, की झालं.

मग धाकट्या भावाला, दिनेशला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव मी ठरवलं होतं आणि बारशाआधी ते फोडायचं नाही ही आमच्याकडची रीत. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आता मला तेच नाव दुपट्यावर फेल्टच्या जाड कापडात हवं होतं आणि केकवर साखरेच्या कागदात. सायलीला मशीनजवळ बसवलं तर तिला नाव कळणार. म्हणून तिला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"आई, फेल्टला दाब जास्त लागतो, मी फक्त बघते ना," ती दाराबाहेरून म्हणाली.

"बघितलंस की फुटलं नाव. जा तू."

आधी फेल्ट कापलं, मग साखर. मध्येच कधीतरी मशीनमधून 'कट्ट' असा आवाज आला. कोणाला विचारणार? स्क्रीनवर नाव होतं. मी पातं धुतलं, पुसलं, आणि अक्षरं छान निघाली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

बारशाला अंगण भरलं होतं. मी बाळाच्या कानात कुर्र केलं, "मुक्ता" म्हटलं, आणि नव्या दुपट्यात गुंडाळून तिला पाळण्यात ठेवलं. "वन्सं, आता कळला कशापायी लपवत होता त्ये," भावजय सुगंधा हसत म्हणाली. केकचे तुकडे वाटायला सुरुवात झाली. पाळण्यात मुक्ता रडायला लागली. "नाव आवडला नाय वाटतं आत्याचा," कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या, मीही हसले.

तेवढ्यात सायलीचा फोन आला. परीक्षेमुळे ती घरीच होती.

"आई, पात्याला टोक नाहीये. तुटलंय. तू शेवटी काय कापलंस?"

"साखर."

"केक थांबव. आत्ताच्या आत्ता."

मी ओरडले, "कुणी खाऊ नका!" दिनेशनं समोरच्यांच्या ताटल्या ओढून घेतल्या. एका म्हाताऱ्या काकांना तर तोंडातला घास थुंकायला लावला. मी नावाची अक्षरं बोटांनी चुरत बसले. साखर नखांत गेली. काही लागेना. मागे मुक्ता रडतच होती; आता तो आवाज वेगळा होता, वर चढून मध्येच तुटणारा. "नजर लागली, मीठमिरच्या आणा," आई म्हणाली.

आणि मला आठवलं: दुपट्यावर अक्षरं शिवताना बोटाला काहीतरी टोचलं होतं. सुईच असणार म्हणून मी बोट चोखलं होतं.

पाळण्यापर्यंत कशी पोचले ते माहीत नाही. दुपटं सोडलं. 'क्ता'च्या जोडावर, फेल्टमधून आरपार, तिळाएवढं चमकणारं टोक आतल्या बाजूला बाहेर आलेलं. मुक्ताच्या खांद्यावर लाल रेघ होती आणि रेघेच्या टोकाला रक्ताचा थेंब. मी तिला उचलायला हात पुढे केला. सुगंधानं मध्येच तिला घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.

"वन्सं, त्ये कापड घेऊन जावा," ती म्हणाली. एवढंच.

डॉक्टरांनी जखम वरवरची आहे म्हणून सांगितलं. ती भरलीही. मुक्ता आता चालते, मला बघून हात पसरते. गावातही कोणी त्यावरून बोलत नाही, आणि तुम्हाला गाव माहीत आहे. जिथे कोणी बोलत नाही तिथे काय असतं ते मी सांगायला नको.

मी नेलेली वस्तू सुगंधा दारातच घेते. फ्रॉक असो, टोपी असो, ती दोन्ही बाजूंनी त्यावर तळहात फिरवते, शिवणीवर जरा थांबते, मग पुढे सरकते. ह्यात राग नसतो, म्हणून मला काही म्हणताही येत नाही. आत आई चहा टाकत असते, पोर हाका मारत असते. सुगंधाचा हात शेवटच्या काठापर्यंत पोचून ती "या आत" म्हणेपर्यंत मी चपला न काढता बाहेर उभी असते. माहेर कुठलं, असं कोणी विचारलं तर अजूनही गावाचंच नाव सांगते. डोळ्यांपुढे मात्र तो हात येतो, अजून काठापर्यंत न पोचलेला.