भाऊजींच्या यंत्रातला आमदार

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाचा दिवस, वडसा, दुपारची वेळ. हजर मंडळी : माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माझी ताई, हात पिठात, मी, धानोऱ्याहून सकाळच्या गाडीने आलेली, आणि पाटावर लाकडी नंदीशेजारी कुंकू लावून बसवलेला लॅपटॉप. सोपं काम चिघळवण्यात आणि अवघड कामात हसत उडी मारण्यात भाऊजींचा हात धरील असा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते.

भाऊजी विजेच्या कचेरीतून निवृत्त झाले, पण उभी हयात त्यांचे हिवाळे गेले झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातल्या नाटकांत, विंगेत बसून नटांना वाक्यं सांगण्यात. आमच्याकडे नाटक उद्घाटनाशिवाय सुरू होत नाही. पहिल्या रांगेत पुढारी बसतात, प्रत्येकाचं नाव पदासह पुकारावं लागतं, ती यादी करायचं काम भाऊजींकडे, आणि एखाद्याच्या मागे चुकून ‘माजी’ लागलं की तो रुसतो आणि पहिला अंक खोळंबतो. या जाचातून सुटायला भाऊजींनी म्हातारपणी संगणक शिकायला घेतला. इंटरनेटवरची पानं आपोआप चाळून दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव, पद, गाव आणि फोन एका जागी आणणारं यंत्र त्यांना करायचं होतं. “भांड्याची खरवड काढते ना तू, तसं,” ते ताईला म्हणाले. ताई म्हणाली, “मंग भांडे बी घासून टाका.”

यंत्र कोणालाही चालवता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे पडद्यावर एकच हिरवं बटण, पोळीएवढं. ते दाबलं की अक्षरं येतात : ‘बसा, शोधून राह्यलो. तवरीक पाणी प्या.’ नाव मिळालं नाही तर : ‘असा मानूस सापडला नाई. घरी विचारून या.’ ताई म्हणते, “लग्न झाल्यापासून मले कधी पाणी विचारलं नाई, अन् मशीन साऱ्यायले विचारून राह्यली.” शिवाय परीक्षा सगळ्यांची. सिलिंडरवाल्याला त्यांनी बटण दाबायला बसवलं आणि बाकीची गल्ली चूल फुंकत राहिली. पुतणीच्या साक्षगंधात नवरदेवाच्या वडिलांना कोपऱ्यात नेलं. त्यांना वाटलं, देण्याघेण्याचं बोलायचं आहे. मी दर भेटीत सांगायची, भाऊजी, आधी माहिती तपासा, मग बटण रंगवा. ते म्हणायचे, “तपासाले तू आहेसच की.”

मला त्या यंत्राची गरज पडली, हे माझं दुर्दैव. मी बचत गटांचं काम पाहते, आणि धानोऱ्यापलीकडे आमच्या एका गटाचं गाव आहे. गाव आणि सडक यांच्यामध्ये नाला. पावसात तो भरला की शाळेची गाडी पलीकडे थांबते आणि मुली अलीकडे. गटाच्या अध्यक्ष मैनाबाईंची नात त्या वर्षी दहावीत होती. लहानसा पूल हवा होता. मी ज्यांना ज्यांना फोन लावले त्यांपैकी एकानेही उचलला नाही. म्हणून पोळ्याच्या त्या दुपारी मी हिरवं बटण दाबलं, सांगितल्याप्रमाणे पाणी प्यायले, आणि मिळालेला आमदारांचा नंबर मैनाबाईंना दिला.

त्यांनी फोन केला आणि तो चक्क उचलला गेला. “तुम्ही या, सारं गाव वाट पाहून राह्यलं,” मैनाबाई म्हणाल्या. “येतो ना बाई,” पलीकडून उत्तर आलं. दोन दिवसांनी एक भारदस्त मिशीवाला गृहस्थ मोटारसायकलवरून नाल्यापाशी उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून आला. आम्ही शाल दिली, नारळ दिला. त्याने विचारलं, “मंडप कुठी टाकणार? अन् खेळ कोणता पाहिजे?”

तो नट होता. कुठल्याशा नाटकमंडळीने आपली जाहिरात इंटरनेटवर टाकली होती, त्यात ‘आमदार’ या पात्रापुढे त्याचं नाव आणि तारखा ठरवण्यासाठी फोन. यंत्राने इमानदारीने खरवडलं होतं. मी तिथूनच भाऊजींना फोन करून जे बोलायचं ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, “पण फोन तं लागला ना?”

नट बिचारा शाल परत करू लागला. मैनाबाई म्हणाल्या, “राहू दे भाऊ. ज्यायले यायचं होतं ते नाई आले, तू तं पाण्यातून आला.”

हिवाळ्यात वडशाला त्या नटाच्या, जाहिरातीतल्या त्याच नाटकाचा प्रयोग होता. पहिल्या रांगेत नेहमीचे पाहुणे. दुसऱ्या अंकात आमदाराचं भाषण आलं आणि नट थबकला. विंगेत भाऊजी होते. त्यांनी वहीतलं वाक्य दिलंच नाही. त्यांनी नाला दिला, गाव दिलं, पलीकडे थांबणारी गाडी दिली, दहावीची पोरगी दिली. आणि नट एकेक वाक्य पहिल्या रांगेकडे पाहत म्हणत गेला. मंडपात टाळ्या पडल्या. अंक संपल्यावर पाहुण्यांतल्या खऱ्या आमदारांना माईकवर यावंच लागलं. “पुढच्या पावसाच्या आधी पूल होईल,” ते म्हणाले.

सरकारी माणसं नाल्यावर येऊन मोजमाप करून गेली, दगडांवर लाल खुणा केल्या. मग पाऊस आला आणि खुणा पाण्याखाली गेल्या. मैनाबाईंची नात त्याआधीच दहावी झाली होती, पण पोळ्यापासून परीक्षेपर्यंत वडशाला, ताईच्या घरी राहून. भाऊजी सकाळी तिला शाळेत सोडायचे आणि वाटेत आपल्या यंत्राबद्दल मत विचारायचे. आता तिची धाकटी बहीण तिथे आहे.

माझ्याकडून कोणतंही काम मागे राहत नाही. एकच राहिलं आहे : त्या नटाचं नाव यंत्रातून काढायचं. दर फोनला मी आठवण करून द्यायची आणि भाऊजी म्हणायचे, “पूल होऊ दे, मंग काढतो. तवरीक तिथी तोच राहीन.”

परवा नाल्याला पुन्हा पाणी आलं. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, ताईचं गुडघ्याचं दुखणं, धाकटीचे मार्क, सगळं बोलून झालं. नटाचं नाव काढायची आठवण मात्र मी करून दिली नाही.