कोंडीला झालेला मंगळूचा इलाज

जव्हारचं संस्थान विलीन झालं आणि पाठोपाठ दोन वर्षांत दारूही गेली. म्हणजे कागदावरून गेली. संस्थानात गुत्ता उघडा होता, आणि जो जास्त प्यायचा तो तिजोरीला जास्त लाडका होता. मुंबई सरकारचा कायदा आला तसा तोच लाडका गुन्हेगार ठरला. गुत्त्याला कुलूप लागलं. पिणाऱ्याच्या घशाला लावायचं तेवढं राहून गेलं. दारू उठून रानात गेली आणि पिणारे तिच्या मागं गेले. मी तेव्हा कोर्टाच्या दारात चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहून पोट भरत असे, त्यामुळे हा सगळा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला.

त्यातली ही दाभोशाच्या पाड्यावरची कोंडी. नवऱ्यानं विणलेल्या बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजाराला यायची. नवरा मंगळू. एके काळी त्यानं विणलेल्या कणगीत भात भरलं तर दाणा गळत नसे. पण पुढंपुढं टोपल्या सैल येऊ लागल्या, आणि मग येईनाशाच झाल्या. कोंडी नुसती मोळी घेऊन येऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, "हात कापतात त्याचं. कामटी धरवत नाय. त्याचा बापूस असाच हात कापत कापत रगत ओकून मेला. मी याला तसा मरू देनार नाय."

हे ती रडत नाही, रागावून म्हणाली. मला ती बाई तेव्हाच आवडली.

त्याच सुमाराला बाजारात एक दारूबंदीचे प्रचारक आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आवाज खणखणीत. "व्यसनी माणूस पापी नाही, रोगी आहे! आणि रोग्याची काळजी वाहणारं हे तुमचं राज्य आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या एवढं आम्ही स्वातंत्र्यात शिकलो होतो. कोंडीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती सरळ पुढं गेली. "साहेब, तू बोललास ता बेस. आता औषध दे."

आमच्या रानातली माणसं राजालाही तू म्हणत आली, तिथं प्रचारकांचं काय! पण प्रचारक दचकले. त्यांनी तिला एक चित्र दिलं. त्यात एक नवरा बाटली हातात धरून बायकोला लाथ मारत होता. कोंडीनं ते नीट न्याहाळलं आणि परत दिलं. "हा मना ठावं हाय. औषध कुठं मिलं?" तेवढ्यात प्रचारकांची मोटार सुटायची वेळ झाली.

मग ती दवाखान्यात गेली. तिथला नियम असा, की औषध पाहिजे तर बाटली घरून आणायची. कोंडीच्या घरात बाटली कसली असणार? ती दारूचीच रिकामी बाटली घेऊन निघाली. नाक्यावर देवराम शिपायानं बाटली हुंगली आणि मुद्देमाल म्हणून बाईसकट चौकीत नेली. "दारू सोडवायचं औषध आनाया चाललेय," असं ती सांगत राहिली आणि देवराम हसत राहिला. दुपारनंतर कंटाळून त्यानं तिला बाटलीसकट सोडलं.

डॉक्टर बिचारे भले होते. म्हणाले, "बाई, माझ्याकडं हिवताप, खरूज आणि हगवण यांची औषधं आहेत. दारूवर काही नाही. ठाण्याला विचार, नाही तर मुंबईला. मात्र सोबत माणूस लागेल, राहायची सोय लागेल, महिना-दोन महिने तरी लागतील." म्हणजे राज्य रोग्याची काळजी वाहणार होतं, पण रोग्यानं शेत, जनावरं आणि चूल पाठीवर बांधून त्याच्यापर्यंत पोचायचं होतं. कंपाउंडरला दया आली. त्यानं बाटलीत पोटाचं लाल औषध भरून दिलं. मंगळूनं ते एका दमात संपवलं आणि कडक नाही म्हणून तोंड वाकडं केलं.

उरला पुंजा भगत. त्याच्याकडं भाषण नव्हतं आणि ठाणंही नव्हतं. तांदळाचे दाणे टाकून पाहून त्यानं निदान केलं, देव कोपलाय. इलाजाला काळी कोंबडी, नारळ आणि पहिल्या धारेची एक बाटली.

"भगता, दारू सोडवाया दारू?"

"देव पिल, मंगळू सोडील," पुंजा म्हणाला.

देवाच्या वाट्याची बाटली कुणाच्या पोटात जाते, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक होतं, कोंडीलाही. पण बुडत्याला काडीचा आधार. रानातल्या भट्टीवाल्यांकडून विकत घ्यायला मात्र ती तयार नव्हती. ज्यांनी नवरा बुडवला त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाली. तिनं मोहाची फुलं भिजत घातली आणि ओहोळाकाठी स्वतःच हंडा चढवला. जन्मात पहिल्यांदा. सराईत भट्टीवाले धूर लपवतात. हिला ते कुठलं माहीत? धूर सरळ वर गेला आणि देवराम सरळ खाली आला.

खटला उभा राहिला. नव्या राज्याचे नवे साहेब होते, कायद्याचे पक्के. "दारू का गाळलीस?"

"नवऱ्याची सोडवाया, साहेब."

कोर्ट हसलं. मीही हसलो असतो, पण मागून मंगळू उठला. न पिता आला होता, म्हणून आणखीच थरथरत होता. "साहेब, भट्टी माझी. ती खोटी बोलं. मना ने."

साहेब जरा विचारात पडले. मग म्हणाले, "हात पुढं कर."

मंगळूनं हात पुढं केले. ते असे कापत होते की पाहणाऱ्यांनी माना खाली घातल्या. साहेब म्हणाले, "याला पाण्याचा तांब्या धरता येणार नाही. हा हंडा काय चढवणार?" मंगळू सुटला. कोंडीला तीन महिने.

"साहेब, माझा ऐक," कोंडी ओरडली, "मी पित नाय! तिकडं तुरुंगात दारू मिलत नाय ना? मंग याला ने! याला सा महिने ने!" कोर्ट पुन्हा हसलं. मला त्या हसणाऱ्यांची चीड आली, आजही येते. अख्ख्या खटल्यात इलाजाची गोष्ट करणारी ती एकटीच होती.

तर आमच्या राज्यात दारूवरचा फुकट इलाज शेवटी मिळाला, आणि जिनं थेंब चाखला नव्हता तिला मिळाला. तुरुंगात एक दिवस व्याख्यान झालं. तेच प्रचारक, तीच टोपी. कोंडीला पाहून म्हणाले, "बाई, आता तरी व्यसन सोडा!"

तीन महिन्यांनी ती मोटारीतून उतरली, तेव्हा मी चिंचेखालीच होतो. मला बघूनही ती थांबली नाही. काय ऐकावं लागेल याची धास्ती असावी. झपाझप दाभोशाची वाट धरली. मला राहवेना; मी दौत झाकली आणि मागं गेलो.

अंगणात मंगळू कणगी विणत होता. वाळला होता, पण जिवंत होता. लाडकी नावाची शेजारीण सांगू लागली, "तू गेलीस त्या दिसापासून थेंब नाय. तडफडला, भिताडाशी बोलला, मी पेज पाजली." पुंजा भगतही येऊन बसला होता. देवानं काम केलं, आता बाटलीचं काय ते बघा, म्हणाला.

कोंडीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "कुठचं औषध लागलं रं तुना?"

मंगळू उठला. कोर्टात धरले होते तसे दोन्ही हात त्यानं पुढं केले. बोटं जराशी थरथरली, मग थांबली.

"हात धड असतं, तर साहेबानं तुझ्याबदली मना नेला असता," तो म्हणाला. "आता पुढल्या खेपेला नेल."