चालत्या गाडीचे गुडघे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीतल्या ड्रॉइंग रूमचं कुलूप काढलं, तर मॉडेल खाली बसलेलं. चारही पाय गुडघ्यात वाकलेले, पोट टेबलाला टेकलेलं. आणि त्याच दुपारी ते बघायला मुंबईहून शहाशेठ येणार होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंग कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर होतो, प्रोबेशनवर. वडील श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात सीझनपुरते कामाला जायचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती नसती तर मीही त्याच कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो असतो. म्हणून ही नोकरी मी जपत होतो. मालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "शहांची ऑर्डर आली तर तू पर्मनंट. नाही आली तर डिझाइनला वेगळा माणूस मला परवडत नाही."

शहाशेठ खेळण्यांचे व्यापारी. एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे त्यांना इथेच बनवून घ्यायचे होते. त्यांचे साचे आम्ही करावेत की पुण्याच्या एका कंपनीने, हे ठरायचं होतं. खोक्यावर छापायला त्यांना एक झकास मॉडेल हवं होतं. परग्रहावर रस्ते नसतात, चाकं चालणार नाहीत, म्हणून चार पायांवर चालणारी गाडी. माझ्या हातात नमुन्याच्या ठोकळ्यांची गोणी देताना ते म्हणाले होते, "भाई, कुठल्या पिक्चरमधून उचलू नका. मला ओळखू येतं. केस माझ्यावर होईल." त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. गोणीसुद्धा आमच्यासमोर वजन करून दिली होती.

या ठोकळ्यांचं काम सोपं वाटतं. वर गोल उंचवटे असतात, त्यांना स्टड म्हणतात. खालच्या ठोकळ्याचे स्टड वरच्याच्या पोकळीत घट्ट बसतात. स्क्रू नाही, गोंद नाही. सगळा कारभार घर्षणावर. माझ्या गाडीचे गुडघेसुद्धा तसेच होते. भोकात घट्ट बसणारी एक पिन, आणि तिच्या घट्टपणावर सगळ्या गाडीचं वजन. ड्रॉइंग बोर्डवर कितीतरी कागद फाडल्यावर ते जमलं होतं. पाय हातानं वळवता यायचे आणि सोडले की तिथेच थांबायचे. दसऱ्याआधी आठवडाभर ती टेबलावर ताठ उभी होती. शॉप फ्लोअरवरची माणसं येऊन बघायची. "गाडी हाय का म्हस?" असं एकानं विचारलं होतं.

आणि आता ती म्हशीसारखीच बसली होती.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. वजनाचा हिशेब पुन्हा केला. तो बरोबर होता. मग तुटलेला ठोकळा शोधला. एकही नाही. कुणाचा धक्का लागला असता तर गाडी एका अंगाला कलली असती. ही चारही गुडघ्यांत सारखी वाकली होती. मी एक पाय सरळ केला. तो हळूच, आपोआप, पुन्हा वाकला. बोटं नाकाशी नेली. मशीन ऑइलचा वास आला.

घर्षणावर उभ्या असलेल्या वस्तूत तेल कोण घालतं? ती पाडायची असेल तोच.

खोलीच्या किल्ल्या दोन होत्या. एक माझ्याकडे, दुसरी टूलरूमचे फोरमन जगताप यांच्याकडे. टूलरूम म्हणजे जिथे साचे घडवतात तो विभाग. जगतापांना माझी नेमणूक पहिल्यापासून पटली नव्हती. "खेळणी जोडायला इंजिनिअर लागतो का?" हे ते मला ऐकू येईल अशा बेतानं बोलायचे. जेवायला ते माझ्या बाकावर बसत नसत. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. काही कारणं विचारायची नसतात, असं मला लहानपणापासून कळत होतं. त्या सकाळी मात्र ती सगळी एकत्र डोक्यात आली.

भाऊसाहेब आले. त्यांनी मॉडेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुण्याच्या कंपनीतलं कुणी तुला भेटलं होतं का?"

"नाही साहेब."

"मग परवा दुपारीच कुठे गेला होतास?"

"गावाला. रजा टाकली होती. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो. दुपारची एसटी धरली."

"आणि किल्ली?"

"माझी माझ्याजवळच होती. दुसरी जगतापांकडे."

भाऊसाहेबांनी जगतापांना बोलावलं. जगताप दारातच थांबले.

"मी कशाला हात लावू त्याला?" ते म्हणाले. "याचं गणित चुकलं असेल. आता किल्लीवर ढकलतोय."

"गणित चुकलं असतं तर आठवडाभर उभी राहिली नसती," मी म्हणालो. "आणि तेलाचा वास कसा आला?"

"म्हणजे? मी तेल ओतलं?"

"मी नाव घेतलं नाही."

"घेऊनच बघ ना."

मी नाव घेणार होतो. ओठावर आलं होतं. तेवढ्यात मागून मेंटेनन्सचे बापू आले. पन्नाशीचे फिटर, मशीनची निगा राखणारे. गलका ऐकून आले होते.

"काय झालं? म्हस बसली व्हय?"

कुणी हसलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "बापू, यात तेल कुणी घातलं, तुम्हाला माहीत आहे?"

"म्या घातलं की," बापू शांतपणे म्हणाले.

ते टेबलाजवळ आले.

"खंडेनवमीला सगळ्या मशीनी पुसल्या, तेल दिलं, हळद-कुंकू लावलं. जगतापांनी ही खोली बी उघडून दिली, बोर्डाची पूजा करायला. हे बघितलं. म्हणलं, हिला बी सांधे हायेत, चालायची हाय, हिला कोरडं कसं ठेवायचं? चारी गुडघ्याला थेंब थेंब सोडला." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुमी पूजेला नव्हता ना सायेब. म्हणलं, तुमच्या वाटची बी आपणच करावी."

मी बोर्डाकडे बघितलं. टी-स्क्वेअरवर, म्हणजे रेघा मारायच्या लांब पट्टीवर, झेंडूचं फूल होतं. सकाळपासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वास घेत बसलो होतो.

रागवायला वेळ नव्हता आणि खरं तर जागाही नव्हती. गुडघे सोडवून कपडे धुण्याच्या पावडरीत धुतले, पंख्याखाली वाळवले. पण काही पिनांवर पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. हे ठोकळे एबीएसचे असतात, म्हणजे हेल्मेटला वापरतात ते कडक प्लास्टिक. ताणाखाली असताना त्याला तेल लागलं तर ते आतून चिरू लागतं. पकड पहिल्यासारखी येईना. शेवटी मी प्रत्येक गुडघ्यामागे एक लांब ठोकळा आडवा बसवला. गुडघा लॉक झाला आणि गाडी उभी राहिली. पण पाय आता वळत नव्हते, आणि शेठना वळणारे पाय हवे होते.

"काही बोलू नकोस," भाऊसाहेब म्हणाले. "उभी आहे ना? उभीच दाखव."

शहाशेठ जेवण करून आले. चष्मा वर करून चारही बाजूंनी फिरले. "गोंद लावलाय."

"नाही शेठ," मी म्हणालो.

"हे मागचे ठोकळे तुम्ही पाठवलेल्या चित्रात नव्हते. काय लपवताय?"

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. शेठनी हात घातला आणि एका गुडघ्याचा लॉक ओढून काढला. तो पाय हळूहळू खाली बसायला लागला. गाडी कलली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी पडण्याआधी मी एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्यानं उरलेले तीन लॉक काढले. हात सोडला. गाडी सावकाश, सरळ खाली बसली.

शेठ टेबलावर वाकले. मग त्यांनी स्वतः पाय सरळ केले, लॉक बसवले, पुन्हा काढले. गाडी पुन्हा बसली.

"बसते पण?" ते म्हणाले. "हे आधी का नाही सांगितलं? नंतर वेगळा चार्ज लावायचा होता?"

"नाही शेठ," भाऊसाहेब पटकन म्हणाले. "यातच धरलंय."

त्या बसण्यामागचं खरं कारण मी सांगायला तोंड उघडलं, पण शेठ तोवर लॉकच्या ठोकळ्याचं माप घेऊ लागले होते. तो ठोकळाही साच्यात धरायचा ठरला. भाऊसाहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. ऑर्डर आम्हाला मिळाली आणि मी पर्मनंट झालो. बहुधा तेलाशिवायही झालो असतो, पण खात्री नाही.

जगतापांशी माझं त्यानंतरही फारसं जमलं नाही. पण त्या सकाळी मी त्यांचं नाव उच्चारलं असतं तर ते परत घेता आलं नसतं, एवढं मला कळलं. संशयाला पुरावा लवकर सापडतो, कारण तो आधीच काय शोधायचं ते ठरवून बसलेला असतो.

आता मी घर्षणावर चालणारा कुठलाही सांधा काढला, की ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'येथे तेल घालू नये' असं लिहितो. ग्राहक हसतात. विचारतात, खेळण्याला कोण तेल घालतं?

ज्याला ते खरं यंत्र वाटतं, तो घालतो.