वैजूचे ब्रोच

‘आई इज नो मोर’ असा वैजूच्या सईचा मेसेज आला तेव्हा मी बत्ह्याच्या बाजारात मेथी घेत होते. शाळकरी पोर, आईच्या मरणाची बातमीसुद्धा इंग्रजीत कळवते, हे आधी मनात आलं, रडू नंतर... वैजूला, माझ्या रियाधमधल्या एकुलत्या एक मैत्रिणीला, हे सांगितलं असतं तर पोट धरून हसली असती.

पुरातत्त्व शिकलेली ही बाई नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, इथे आली आणि डबे भरत बसली. डोक्यात मात्र सतत व्हायकिंग. त्यांच्या बायका दोन्ही खांद्यांवर कासवाच्या पाठीसारखे ब्रोच लावत, मध्ये मण्यांची माळ, आणि खाली चाव्या लटकवत. “म्हणजे घर कुणाच्या हातात आहे ते लांबूनच दिसायचं, कळलं का गं?” इकडच्या अरबांचे चांदीचे दिरहम पार तिकडे पोचत, ते वितळवून कडी घडवत आणि बाजारात त्याच कड्याचा तुकडा तोडून देत. सगळं मोडून खाणारे लोक, पण बाईचे ब्रोच पुष्कळदा तिच्याबरोबर पुरत, याचं तिला भारी अप्रूप.

हुफूफच्या एका कारागिराकडून तिनं चांदीत तशी जोडी घडवून घेतली आणि एकाला फ्लॅटची चावी अडकवली. अबायाच्या आतही ती जोडी असायचीच. अभय, तिचा नवरा, चारचौघांत म्हणायचा, “आली बघा आमची चावीवाली!” ती हसायची. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. आजारपणात तिनं त्याला माझ्यादेखत बजावलं होतं, “हे सईचे. मोडीत घालायचे नाहीत.” “नाही गं बाई,” तो म्हणाला होता.

पुण्याला सगळं उरकून दोघं बापलेक परतले, तेव्हा मी भेटायला गेले. हॉलमध्ये तिचा फोटो, भोवती चांदीची झगझगीत चौकट.

“तिच्याच ब्रोचची चांदी आहे, वहिनी. नाहीतर पडूनच राहिले असते...” डोळ्यांत पाणी होतं त्याच्या!

“अहो भावजी, ती काय म्हणाली होती?”

“तिच्यासाठीच तर केलं ना.”

कप्पाळ! फोटोत वैजू दोन्ही ब्रोच लावून हसत होती.

निघाले तेव्हा सई दारापर्यंत आली. टी-शर्टच्या खांद्याला सेफ्टी पिनेनं तीच चावी अडकवलेली.

“सराफ म्हणाला, चावी घेऊन जा, ही चांदी नाही,” ती म्हणाली. मराठीत.