एका वेळी एकच पदार्थ

कतारमधल्या दुखानच्या कंपनी वसाहतीत आमच्या शेजारी एक इटालियन जोडपं राहायचं. तो माझ्या नवऱ्याच्या विभागात वरिष्ठ इंजिनियर होता, निवृत्तीला टेकलेला. ती घरीच असायची. मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन मी नाशिकहून इथे आले, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं ते त्यांनीच.

त्या शुक्रवारी दुपारी टेबलावर पास्ता आला. हेच जेवण समजून मी दोनदा वाढून घेतला. मग तिने ताटल्या उचलल्या, स्वच्छ ताटल्या मांडल्या आणि भाजलेला मासा आणला. माशानंतर हिरवा पाला, मग फळं. माझ्या पोटात जागा उरली नव्हती. आमच्याकडे मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सगळं एकाच ताटात वाढतात, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, असं मी सांगितलं. तिला ते आवडलं, पण मग जेवताना बोलता कधी, असं तिने विचारलं. तिच्याकडे एक ताटली उचलून दुसरी येईपर्यंत थोडा वेळ जायचा आणि तिचा अबोल नवरा तेवढ्यात काय ते बोलायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. दोह्याच्या हॉस्पिटलात जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली आणि गिळणं बिघडलं. पातळ काही द्यायचं नाही, फक्त घट्ट लगदा आणि तोही चमच्याच्या टोकावर, असं डॉक्टरांनी बजावलं.

तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी तिला न्यायचे. हॉस्पिटलचा ट्रे मी पहिल्या दिवशीच पाहिला. प्लॅस्टिकच्या तीन खळग्यांत तीन रंगांचे लगदे होते, केशरी, हिरवा आणि मातकट. मदतनीस बाईने घाईघाईत तिन्ही कालवले आणि भरवायला घेतले. त्याने मान फिरवली. त्याच्या बायकोने त्याचे ओठ पुसले. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती घरून करून आणू लागली. बशीएवढ्या पांढऱ्या ताटल्या, इस्त्री केलेला रुमाल आणि छोटे डबे. आधी भोपळ्याचं घट्ट सार. त्यानंतर ताटली उचलून बेसिनपाशी नेऊन धुवायची, पुसायची. मग मटणाच्या रश्शात शिजवून घोटलेला भात. पुन्हा ताटली बदलायची. मग काटे काढून, वाटून, चाळणीतून काढलेला मासा. प्रत्येक पदार्थाचं नाव ती त्याच्या कानाशी सांगायची. दोन-तीन चमच्यांपलीकडे काही जायचं नाही. तरी ताटली बदलायचीच.

केरळच्या नर्सने घट्टपणा तपासून परवानगी दिली होती, पण फार वेळ लागतो म्हणून ती कुरकुरायची. मलाही ते बघवायचं नाही. त्याच्या हनुवटीवरून ओघळ यायचा, खोकल्याची उबळ आली की त्याचे डोळे पांढरे व्हायचे, आणि ही शांतपणे रुमालाने पुसून पुढची ताटली मांडायची.

एके दिवशी तिने साराचा डबा उघडला आणि त्याने डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. बऱ्याच प्रयत्नांनी एकच शब्द बाहेर पडला. "कॉफी."

ती हसली. आधी जेव, असं काहीतरी तिच्या भाषेत म्हणाली. त्याने पुन्हा तेच म्हटलं. तिचं हसू गेलं. मला काही कळेना. तेव्हा ती माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे कॉफी सगळ्यात शेवटी असते. तिच्यानंतर काही वाढत नाहीत."

मी खालून कॉफी आणली. पाजायची सोय नव्हती. नर्सने तोंड पुसायचा छोटा स्पंज दिला. तिने तो कॉफीत बुडवला, घट्ट पिळला आणि त्याच्या ओठांवर फिरवला. त्याने डोळे मिटून घेतले. डबे तसेच घरी आले.

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. न्यूमोनिया झाला होता. गिळताना अन्नाचे कण फुप्फुसात गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. अशा रोग्यांत नुसत्या थुंकीनेही हे होतं, हेही त्यांनी सांगितलं. तिने फक्त पहिलं वाक्य ऐकलं. चौथ्या दिवशी तो गेला.

मृतदेह मायदेशी न्यायची परवानगी मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. मी मऊ भात आणि वरण करायचे. ती समोर बसायची, घास उचलायची नाही. एकदा दुपारी तिने विचारलं, "मी भरवलं म्हणून झालं का?"

नाही, असं मी म्हटलं. डॉक्टरांचं दुसरं वाक्यही सांगितलं. ती मला समजावू देत राहिली, लहान मुलाचं ऐकावं तशी.

"घाई केली असती तर?" ती म्हणाली. "किंवा मुळात आणलंच नसतं तर?"

ट्रेमधला लगदा खाऊन तो कदाचित आणखी जगला असता. कदाचित त्याने काहीच खाल्लं नसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडली नाही. आभार मानले आणि आत गेली. नंतर मी दोन-तीनदा फोन केला, तिने उचलला नाही. महिन्याभराने कंपनीने तिच्या घराला रंग दिला आणि तिथे पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं.